खळ्यावरची वेदी

हंगामाच्या सणाला चर्चमध्ये न्यायची बाजरी आजी तीन वेळा पाखडत असे. घरच्या भाकरीची बाजरी एकदाच सुपातून निघे आणि तिच्यातला एखादा खडा दाताखाली आला तरी कोणी तक्रार करत नसे. सणाची बाजरी मात्र ती ओसरीवर उजेडात बसून पाखडी, मग परातीत पसरून किडका दाणा बोटाने बाजूला सारी, आणि एवढे झाल्यावरही समाधान न होऊन पुन्हा सुपात घेई. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्या दिवशी वेदीसमोर धान्याच्या पाट्या, भोपळे, उसाच्या मोळ्या आणि पाय बांधलेल्या कोंबड्या मांडलेल्या असत. उपासना संपली की त्यांचा लिलाव होई आणि आलेले पैसे मंडळीच्या कामाला जात. आठ-नऊ वर्षांचा असताना मी आजीला विचारले होते, की देव काय बाजरी खातो? सुपावरची नजर न काढता ती म्हणाली, "त्याला न्हाई खायची. मला द्यायचीय."

पुढे शिकायला पुण्याला आल्यावर हे उत्तर मला भाबडे वाटू लागले. ‘देव भावाचा भुकेला’ ही म्हण ख्रिस्ती घरांतही सर्रास बोलली जाते, आणि बायबलमधील संदेष्ट्यांची वचने मी तेव्हा या म्हणीच्या उजेडात वाचत होतो. तुमच्या सणांचा मला तिटकारा आहे, असे देव आमोसाच्या तोंडून म्हणतो. मला यज्ञ नको, दया हवी, असे होशेयाच्या तोंडून म्हणतो. मग पाट्या, पाखडणे, लिलाव हे सारे बाहेरचे टरफल आहे आणि आतला भाव हाच दाणा आहे, असा निष्कर्ष मी काढला होता. तो चुकीचा होता असे आज मला वाटते, आणि का वाटते ते नीट मांडण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

ज्या ग्रंथाला कर्मकांडाचा ग्रंथ म्हणून बहुतेक जण ओलांडून जातात, त्या बायबलमधल्या लेवीयापासूनच सुरुवात करायला हवी. पहिल्या सात अध्यायांत होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण आणि दोषार्पण यांचे नियम आहेत, आणि वाचताना ते खरोखरच एखाद्या कामाच्या वहीसारखे वाटतात: आतडी व पाय पाण्याने धुवावेत, चरबी वेदीवर जाळावी, अन्नार्पणात मीठ असावे, खमीर आणि मध नसावा. सावकाश वाचले की त्यातला माणूस दिसू लागतो. होमार्पण आणणाऱ्याने जनावराच्या डोक्यावर स्वतःचा हात ठेवायचा आहे. वेदीवर रक्त शिंपडण्याचे काम याजकाचे असले, तरी बैल कापण्याचे, सोलण्याचे आणि त्याचे तुकडे करण्याचे काम पहिल्या अध्यायात आणणाऱ्याकडेच आहे. आपण वाढवलेल्या गोऱ्ह्याच्या कपाळावर तळहात ठेवून उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याने गोठा सांभाळला आहे त्याला सांगावे लागत नाही. त्या क्षणी आत काहीच हलले नाही, असे होणे कठीण आहे. म्हणून लेवीयाने भावाचा उल्लेख केला नाही, हा आरोप मला टिकणारा वाटत नाही. त्याने भाव हाताला जोडून दिला आहे.

ज्याच्याकडे बैल नाही त्याने मेंढरू किंवा बकरा आणावा; तेही नसेल तर पारवे किंवा होले चालतात. पापार्पणाच्या बाबतीत तर पाचवा अध्याय आणखी खाली उतरतो: दोन पाखरेही परवडत नसतील त्याने एफाचा दहावा भाग, म्हणजे साधारण दोन लिटर मावेल इतके सपीठ आणावे. आणि बैल असो, पाखरू असो की मूठभर पीठ असो, होमार्पण व अन्नार्पणाच्या अध्यायांत प्रत्येक वेळी शेवटी तोच शब्दप्रयोग येतो, की हा परमेश्वराला सुवासिक हव्य होय. मोठ्या दानाला मोठा सुवास, असे तिथे नाही. यहुदी गुरूंनी ही गोष्ट नेमकी हेरली होती. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहामध्ये, अन्नार्पणावरील ‘मनाहोत’ या प्रकरणाचा शेवट याच निरीक्षणाने होतो: कोणी जास्त आणो वा थोडे आणो, त्याने आपले मन स्वर्गाकडे लावलेले असले म्हणजे झाले. विधी सांगणारेच अंतःकरणाविषयी बोलत होते. यहुदी धर्म म्हणजे कोरडा विधी आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे अंतःकरण, अशी जी विभागणी आमच्या व्यासपीठांवरून वर्षानुवर्षे ऐकवली गेली, ती अन्यायाची आहे आणि आपण ख्रिस्ती लोकांनी ती सोडायला हवी.

लेवीयातले दोन नियम तर मला पुन्हापुन्हा वाचावेसे वाटतात. पहिला उपकारस्तुतीच्या अर्पणाचा. या अर्पणातल्या मांसाचा वाटा आणणाऱ्यालाही मिळतो, पण ते त्याच दिवशी खाऊन संपवले पाहिजे, सकाळपर्यंत काहीही उरवायचे नाही. आता एक अख्खे जनावर एका घराने एका दिवसात कसे संपवावे? शेजारीपाजारी, नातेवाईक, वाटेवरचा भुकेला यांना बोलावल्यावाचून गत्यंतर नाही. नियमात ‘वाटून खा’ असे कुठेही म्हटलेले नाही, पण देवाचे आभार मानायचे तर पंगत मांडावीच लागेल, अशी सोय करून ठेवली आहे. दुसरा नियम सहाव्या अध्यायाच्या आरंभी आहे. कोणी शेजाऱ्याची ठेव दाबली, लुबाडले, सापडलेली वस्तू नाकारली, खोटी शपथ घेतली, तर त्याने घेतलेले सारे परत करावे, वर पाचवा हिस्सा जोडावा, ज्याचे त्याला द्यावे, आणि मग दोषार्पणाचा मेंढा याजकाकडे आणावा. शेजाऱ्याचा हिशेब आधी येतो. मेंढा कापून शेजाऱ्याला चुकवता येत नाही.

हे लक्षात आले की संदेष्ट्यांचा संताप वेगळा ऐकू येऊ लागतो. आमोस हा दक्षिणेकडच्या यहूदा राज्यातल्या तकोवा गावचा गुराखी आणि उंबरांची निगा राखणारा; इ.स.पूर्व आठव्या शतकात, दुसऱ्या यराबाम राजाच्या भरभराटीच्या काळात, तो उत्तरेकडच्या इस्राएल राज्यातल्या बेथेल येथील राजमान्य देवस्थानात जाऊन उभा राहिला. तिथला याजक अमस्या याने त्याला, हे राजाचे पवित्रस्थान आहे, तू यहूदात जाऊन आपली भाकर मिळव, असे सांगून हाकलले. आमोसाच्या दुसऱ्या अध्यायात एक दृश्य आहे, जे वाचून मी बराच वेळ पुढे गेलो नव्हतो: हे लोक प्रत्येक वेदीजवळ गहाण घेतलेल्या वस्त्रांवर पहुडतात. मोशेच्या नियमानुसार गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर ते सूर्यास्तापूर्वी परत करायचे होते, कारण रात्री पांघरायला त्याच्याजवळ दुसरे काही नसते. इथे देवापुढे बसायला अंथरलेले ते कापड म्हणजे कुणाची तरी थंडीतली रात्र आहे. पाचव्या अध्यायात ‘तुमची होमार्पणे मी स्वीकारणार नाही, तुमच्या गाण्यांचा गलबला दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या’ असे जेव्हा तो म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हे कापड असले पाहिजे. अर्पणाला भाव कमी पडला, अशी त्याची तक्रार नाही.

यशयाच्या पहिल्या अध्यायात तर हे अधिकच उघड आहे, आणि माझा तरुणपणीचा निष्कर्ष मोडला तो तिथेच. बैल-बकऱ्यांच्या रक्ताने मला संतोष नाही, असे देव म्हणतो, चंद्रदर्शने आणि शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचे दिवस, यांचे ओझे झाले आहे असे म्हणतो, आणि त्याच दमात पुढे म्हणतो की तुम्ही हात पसरून कितीही प्रार्थना केल्या तरी मी ऐकणार नाही, कारण तुमचे हात रक्ताने भरले आहेत. म्हणजे यज्ञ नाकारून प्रार्थना स्वीकारली, बाहेरचे सोडून आतले घेतले, असे इथे घडतच नाही. दोन्ही नाकारले जातात. मागणी आहे ती हात धुण्याची, अनाथाचा न्याय करण्याची आणि विधवेचा कैवार घेण्याची. मलाखीच्या पुस्तकात लोक वेदी अश्रूंनी भिजवतात, रडतात, उसासे टाकतात. भावच म्हणायचा तर याहून अधिक भाव कोणता? तरीही अर्पण स्वीकारले जात नाही, कारण तारुण्यात जिच्याशी करार केला त्या बायकोशी तो पुरुष विश्वासघाताने वागला आहे. हाच मलाखी पहिल्या अध्यायात आंधळी आणि लंगडी जनावरे वेदीवर आणणाऱ्यांना विचारतो, की असले जनावर तुमच्या सुभेदाराला नेऊन द्या बरे, तो तुमच्यावर प्रसन्न होईल काय? अर्पणच व्यर्थ असते, तर त्याच्या प्रतीची इतकी चौकशी मलाखीने केली नसती.

मीखा संदेष्ट्याच्या सहाव्या अध्यायातले वचन आमच्याकडे पुष्कळ घरांत भिंतीवर लावलेले असते: नीतीने वागणे, दयेची आवड धरणे आणि आपल्या देवासमोर नम्रपणे चालणे. त्याच्या आधीच्या दोन ओळी मात्र भिंतीवर येत नाहीत. त्यांत भक्त विचारतो आहे, की मी काय घेऊन येऊ? एक वर्षाची वासरे? हजारो मेंढे? तेलाच्या दहा हजार नद्या? माझा पहिला मुलगा? मला त्या ओळी वाचताना नेहमी आमच्या सणाचा लिलाव आठवतो, बोली वर वर चढत जाते तसा. प्रत्येक बोलीबरोबर देव अधिकाधिक दूरचा, अधिकाधिक खर्चिक होत जातो आणि शेवटची बोली लेकराच्या जिवापर्यंत जाऊन पोचते. मीखा ही बोली वाढवत नाही. काय हवे ते तुला पूर्वीच सांगितले आहे, एवढेच तो म्हणतो.

होशेयाच्या वचनात मराठीत ‘दया’ येते, त्या जागी हिब्रूत ‘हेसेद’ हा शब्द आहे. नात्याला जागणे, दिलेल्या वचनाप्रमाणे वागणे, अडलेल्याला सोडून न जाणे, हे सारे त्यात येते. नुसती मनातली हळहळ त्यात बसत नाही. आणि वचनाच्या उत्तरार्धात होमार्पणांपेक्षा देवाचे ज्ञान अधिक प्रिय आहे असे म्हटले आहे, म्हणजे हा वजनाचा प्रश्न आहे. इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले, तेव्हा याच वचनाने एका पिढीला सावरले. जुन्या यहुदी परंपरेत सांगितले जाते, की भग्न मंदिर पाहून रब्बी यहोशवा विलाप करू लागला, की पापांचे प्रायश्चित्त जिथे होई ती जागाच गेली. तेव्हा त्याचा गुरू योहानान बेन झक्काय त्याला म्हणाला, दुःख करू नकोस, तितकेच समर्थ दुसरे प्रायश्चित्त आपल्याजवळ आहे, दयेची कृत्ये, आणि त्याने होशेयाचे वचन म्हटले. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूही हेच वचन दोनदा उच्चारतो.

कोकणात शतकानुशतके राहिलेल्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजाने मंदिरापासून हजारो मैलांवर अर्पणाची आठवण वेगळ्या रीतीने जपली. नवस फेडताना, शुभकार्याच्या वेळी त्यांच्या घरी मलिदा होतो: भिजवलेले पोहे, खवलेले नारळ, साखर, वेलची, वर फळे, असे ताट मांडून एलिया संदेष्ट्याचे स्मरण आणि हिब्रू प्रार्थना होतात, आणि मग ते सर्वांना वाटले जाते. मंदिरातल्या अन्नार्पणाची सावली त्यात अनेकांना दिसते. पोहे आणि नारळ पाहून मला ते लगेच घरचे वाटले. आणि उपकारस्तुतीचे अर्पण त्याच दिवशी खाऊन संपवा, हा लेवीयाचा नियमही मला तिथे आठवला.

एक्कावन्नाव्या स्तोत्राबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण अंतःकरणाच्या बाजूने साक्ष द्यायला सर्वांत आधी तेच पुढे केले जाते. तुला यज्ञ प्रिय नाही, असता तर मी दिला असता. भग्न हृदय हाच देवाचा यज्ञ. स्तोत्राच्या शीर्षकाप्रमाणे हे शब्द दावीदाचे आहेत, बथशेबाच्या प्रकरणानंतर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला त्या वेळचे. दुसऱ्याची बायको घेऊन तिच्या नवऱ्याला युद्धात मारवणाऱ्या राजाने कोणते जनावर आणावे? असल्या जाणूनबुजून केलेल्या अपराधाला नियमशास्त्रात अर्पणच नाही. त्याच्या हातात खरोखरच काही उरलेले नव्हते, म्हणून तो मोडलेले हृदय घेऊन आला. आणि हेच स्तोत्र पुढच्या दोन ओळींत म्हणते, की यरुशलेमचे कोट बांध, मग तुला नीतीची अर्पणे आवडतील, मग लोक तुझ्या वेदीवर गोऱ्हे अर्पण करतील. या ओळी नंतर जोडल्या गेल्या असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल, तरी ज्याने त्या जोडल्या त्याला भग्न हृदय आणि गोऱ्हा एकाच स्तोत्रात नांदू शकतात असे वाटले, आणि त्याच्याशी मी सहमत आहे.

याच दावीदाची दुसरी एक गोष्ट दुसऱ्या शमुवेलाच्या अखेरीस आहे. मरीच्या दिवसांत तो अरवना यबूशाच्या खळ्यावर वेदी बांधायला येतो. अरवना म्हणतो, खळे घ्या, होमासाठी हे बैल घ्या, लाकडांसाठी मळणीची अवजारे आणि जुवे घ्या, सगळे फुकट. दावीद नाही म्हणतो. ज्याला मला काही मोल पडले नाही ते मी माझ्या देवाला अर्पण करणार नाही, असे सांगून तो पन्नास शेकेल चांदी मोजतो. इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथाप्रमाणे पुढे शलमोनाने मंदिर बांधले ते याच खळ्याच्या जागी. इतकी शतके ज्या वेदीसाठी लोक डोंगर चढून येत राहिले, तिच्याखाली खळे होते, जिथे कणसे तुडवली जातात आणि वाऱ्यावर दाणा भुशापासून वेगळा होतो. हे कळल्यापासून सूप घेऊन बसलेली आजी मला त्या जागेपासून फार दूर वाटत नाही.

अर्पणासाठी हिब्रूत ‘कोर्बान’ असा शब्द आहे आणि तो जवळ येणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू ज्या गोष्टीवर संतापतो तिच्यातही हाच शब्द आहे: म्हाताऱ्या आईबापांना ज्याचा उपयोग झाला असता ते कोर्बान आहे, देवाला वाहिलेले आहे, असे मुलगा सांगतो आणि त्यांच्यासाठी काही करण्यातून मोकळा होतो. जवळ नेणारा शब्द दूर लोटण्यासाठी वापरला जातो. पाच अध्याय पुढे तांब्याच्या दोन दमड्या टाकणारी विधवा येते. तिचे कौतुक आपण पुष्कळ ऐकतो, पण तिच्या लगेच आधी विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयी येशू बोललेला आहे आणि लगेच नंतर मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही असे तो सांगतो. तिने आपली सारी उपजीविका टाकली, हे पाहताना त्याला आनंद झाला की वेदना झाल्या, हे मला अजून ठरवता आलेले नाही. वर्गणीच्या आवाहनासाठी तिची गोष्ट सांगितली जाते तेव्हा मला अस्वस्थ वाटते.

आता आमच्या घरची गोष्ट. आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ यांच्यात बांधावरून वाद होता. तीन-चार हातांची पट्टी होती, पण तिच्यापायी दोन्ही घरे बोलत नव्हती; रविवारी एकाच चर्चमध्ये एक घर उजवीकडे आणि एक डावीकडे बसे. ‘तू बसून आपल्या भावाविरुद्ध बोलतोस, आपल्या सख्ख्या भावाची निंदा करतोस’, असे पन्नासाव्या स्तोत्रात आहे. त्याच स्तोत्रात, मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, हजार डोंगरांवरची गुरे माझीच आहेत, असेही देव म्हणतो. आमच्या घरी ते स्तोत्र वाचले जाई, त्याच ओसरीवर, जिथे संध्याकाळी भावकीचा उद्धार चाले.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो, की तू आपले दान वेदीजवळ आणत असता तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला आठवले, तर दान तिथेच वेदीपुढे ठेव, निघून जा आणि आधी भावाशी समेट कर. हे शब्द गालीलात बोलले गेले. वेदी यरुशलेमात, पायी साधारण तीन दिवसांच्या वाटेवर. पुष्कळदा दान म्हणजे जिवंत जनावर. ते तिथे सोडून तीन दिवस परत चालायचे, भावाच्या दारात उभे राहायचे, आणि पुन्हा तीन दिवस चालून यायचे. शिवाय माझ्या मनात भावाविरुद्ध काय आहे हे विचारलेले नाही. त्याच्या मनात माझ्याविरुद्ध काय आहे, ते आठवायचे आहे. आणि त्या वाक्याचा शेवट आपण बहुधा विसरतो: मग येऊन आपले दान अर्पण कर.

एका सणाला आजी बाजरीची पाटी डोक्यावर घेऊन चर्चच्या पायरीपर्यंत आली. मी तिच्या मागे होतो. आत गाणे सुरू झाले होते. जाऊबाई त्या दिवशी आलेली नव्हती. ती आजारी असल्याचे दारातच कोणीतरी सांगितले. आजीने पाटी खाली उतरवली, चुंबळ सोडून पदर नीट केला, मला ‘हितंच बस’ म्हणाली आणि मागे फिरून दिराच्या घराच्या वाटेने चालू लागली. मी पाटीशेजारी बसून राहिलो. उपदेश झाला, प्रार्थना झाली, आत बोली लागू लागल्या, कोंबड्या ओरडल्या, आणि चिमण्या पाटीवर येऊन बसल्या तेव्हा मी त्यांना हाकलले नाही. आजी परतली तेव्हा लिलाव आटोपला होता आणि लोक घरी निघाले होते. त्या दोघी काय बोलल्या हे तिने कोणालाही सांगितले नाही. बांधाचा वाद त्यानंतरही बरीच वर्षे चालला आणि आजोबा त्याबद्दल अखेरपर्यंत कडू होते. जाऊबाईच्या घरी मात्र आजी त्या दिवसापासून जात राहिली.

पाटी आम्ही घरी नेली. त्या आठवड्यात तिने तीतली बाजरी पुन्हा एकदा पाखडली, चिमण्यांनी खाल्ली तेवढी कणगीतून काढून भर घातली, आणि पुढच्या रविवारी, सण नसताना, रिकाम्या वेदीपुढे नेऊन ठेवली.